घरात जंतुनाशक नक्की किती लागतं? पहिल्यांदा घर चालवणाऱ्यांसाठी, पायरीपायरीने

माझी भाची गेल्या महिन्यात वाकडला नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेली, ती आणि तिचा नवरा दोघंच, आणि पहिल्या महिन्याच्या सामानाची यादी तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवली, मावशी काही राहिलंय का बघ म्हणून. यादीत पांढरं फिनाईल पाच लिटर, टॉयलेट क्लीनरच्या दोन बाटल्या, बाथरूमचं वेगळं, ओट्यासाठी स्प्रे, अँटिसेप्टिक एक लिटर, भाज्या धुवायचं लिक्विड, कपड्यांत घालायचं जंतुनाशक आणि सॅनिटायझरचा मोठा कॅन. हात धुवायचा साबण मात्र कुठेच नव्हता. बेसिनवर काय ठेवणार विचारलं तर म्हणाली, सॅनिटायझर आहे ना.

मी बारा वर्षं नर्स होते, त्यातली बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल बघायचे, म्हणजे कुठलं जंतुनाशक कुठे, किती प्रमाणात आणि किती वेळ, हेच रोजचं काम. म्हणून लोक घरात जे ओततात ते बघून जीव तुटतो, पैसे जातात, हाताची सालं निघतात, पोरं खोकत बसतात, आणि ज्या दिवशी खरंच जंतुनाशक लागतं त्या दिवशी नेमकं ते कसं वापरायचं हे माहीत नसतं. भाचीला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय. जे पहिल्यांदाच रूमवर राहायला आलेत, नवीन संसार मांडतायत किंवा ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलंय त्यांना उपयोग होईल.

आधी हे समजून घ्या: धुणं वेगळं, जंतू मारणं वेगळं

साबण, पाणी आणि घासणं याने मळ निघतो आणि मळासोबत बहुतेक जंतू पण निघून मोरीत जातात. ते मेले की जिवंत राहिले याने आपल्याला फरक पडत नाही, ते आपल्या हातावर आणि ताटात नाहीत एवढं पुरे. कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंवर तर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतंच. निर्जंतुक करणं ही वेगळी गोष्ट, त्यात रसायनाने नाहीतर उष्णतेने जंतू जागेवर मारतात. तब्येतीने ठीक असलेल्या माणसांच्या घरात रोज पहिलं लागतं. दुसरं लागतं ते काही ठराविक दिवशी आणि ठराविक जागी, त्या दिवसांबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आणि जेव्हा लागतं तेव्हा दोन नियम. एक, आधी धुवायचं आणि मग जंतुनाशक, कारण मळकट जागेवर ब्लीच ओतलं की ते मळाशीच झगडण्यात संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. दोन, ते जागेवर ओलं राहिलं पाहिजे, काही मिनिटं तरी, बाटलीवर वेळ लिहिलेली असते. स्प्रे मारला आणि लगेच फडक्याने पुसला तर तो फक्त महागडा वास झाला.

पायरी १: जंतू तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने येतो ते बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि थेट फरशीवर जातात. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, मग गटारांमध्ये कार्बोलिक ॲसिड सोडलं, घरं चुन्याने रंगवली, आणि १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या हाताखालचे सोल्जर घराघरात घुसून सामान रस्त्यावर काढत होते, जाळत होते, पुढे काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलोय. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या, १० मार्च १८९७. आणि एवढं सगळं चालू असताना प्लेग येत होता उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून, जे पॉल-लुई सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. घरं धुतली पण वाट दुसरीच होती.

आपण २०२० मध्ये तेच केलं. दुधाच्या पिशव्या धुतल्या, किराणा दोन दिवस गॅलरीत ठेवला, सोसायटीच्या गेटवर फवारणीच्या कमानी लावल्या. माणसांच्या अंगावर फवारणी करू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं, तरी कमानी कितीतरी दिवस चालू होत्या. नंतर एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, अंदाज मांडला की विषाणू लागलेल्या वस्तूला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता १०,००० मध्ये १ पेक्षा कमी. तो हवेतून येत होता आणि आपण खिडक्या लावून आत कडी-कोयंडे पुसत बसलो होतो. त्या वेळी कोणालाच माहीत नव्हतं, मी पण पुसले, घाबरलेली माणसं जे हातात येईल ते करतात. पण आता माहीत आहे ना.

तर घरात आजार यायच्या मोठ्या वाटा पाचच धरा: हात, अन्न, पाणी, हवा आणि डास. फरशी या यादीत जवळजवळ नाहीच.

पायरी २: हात. इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला, कराचीच्या गरीब वस्त्यांमधला, स्टीफन लुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. काही घरांना साबण दिला, दर आठवड्याला कोणीतरी जाऊन हात कधी आणि कसे धुवायचे ते सांगत राहिलं. पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, मुलांचे जुलाब पण निम्म्याहून कमी झाले. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना अँटिबॅक्टेरियल, दोन्हींत काहीच फरक पडला नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशक घटक हात-अंग धुवायच्या साबणांमधून काढायला लावले, कारण ते साध्या साबणापेक्षा चांगले आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. त्यामुळे दहा रुपयांची वडी घ्या, बिनधास्त घ्या.

कधी धुवायचे: संडासहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर (बाळाची शी निरुपद्रवी असते हा फार मोठा गैरसमज आहे), स्वयंपाकाला लागण्याआधी, कच्चं चिकन-मासे-अंडी हाताळल्यावर, जेवण्याआधी आणि कोणाला भरवण्याआधी, बाहेरून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, कुत्र्या-मांजराचं काही काढल्यावर. आपण हाताने जेवतो आणि पाण्याने धुतो, दोन्ही सवयी चांगल्या आहेत पण त्यामुळे मधला साबण अजिबात चुकवून चालत नाही.

कसे: ओले करा, साबण लावा, वीस सेकंद चोळा, मनात सावकाश वीसपर्यंत मोजा. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या खाली, या तीन जागा राहतात. पाणी गरम नसलं तरी चालतं. मग स्वच्छ टॉवेलला कोरडे करा, ओल्या हाताला जंतू जास्त सहज चिकटतात. हात पुसायचा नॅपकिन दर एक-दोन दिवसांनी बदला, तो दमट राहिला की सगळी मेहनत वाया.

सॅनिटायझर पर्समध्ये ठेवा, घरात नको. ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं घ्या, लोकलमध्ये, एसटीत, हॉस्पिटलमध्ये जाताना ते उपयोगी आहेच. पण हात मातीने किंवा तेलाने माखलेले असतील तर ते काम करत नाही, आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणजे संडासनंतर साबणच. शिवाय ते पेट घेतं, हाताला लावून लगेच गॅसपाशी किंवा देवासमोर दिवा लावायला जाऊ नका.

आंघोळीच्या बादलीत अँटिसेप्टिकचं झाकण ओतायची सवय असेल तर ती सोडली तरी काही होणार नाही. त्वचेवर आपले स्वतःचे जंतू राहतात, ते तिथे असायलाच हवेत, रोज मारत राहिलं की कातडी कोरडी पडते आणि खाज सुटते.

पायरी ३: किचन

घरातली सगळ्यात जास्त जंतूंची जागा संडास असेल असं वाटतं ना, पण बहुतेक घरांमध्ये ती सिंकजवळची घासणी असते. मार्कुस एगर्ट यांच्या टीमने जर्मनीत २०१७ मध्ये घराघरातल्या वापरलेल्या १४ स्पंजची तपासणी केली, तर त्यात प्रचंड जंतू होते आणि ज्यांनी स्पंज नेहमी निर्जंतुक करतो असं सांगितलं त्यांचे स्पंज काही कमी भरलेले नव्हते. आता त्यातले बहुतेक जंतू काही करत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. पण उपाय साधा आहे, भांडी झाल्यावर घासणी खळखळून धुवा, पिळा, उभी ठेवा म्हणजे वाळेल, साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदला. तारेची किंवा काथ्याची लवकर वाळते, मला तीच आवडते. ओटा पुसायचं फडकं रोज धुऊन उन्हात टाका, आठवड्यातून एकदा उकळा. फडकी चार-पाच ठेवा, जुन्या सुती साडीची किंवा बनियनची केली तरी उत्तम, फक्त ओट्याचं फडकं आणि जमिनीचं फडकं कधीही एक होऊ देऊ नका.

चिकन. आपल्याकडे चिकन न धुता शिजवायचं म्हटलं की कोणालाच पटत नाही, माझ्या आईला मी आजपर्यंत पटवू शकलेले नाही. पण नळाखाली धुतल्याने जंतू जात नाहीत, ते शिंतोड्यांबरोबर आजूबाजूला उडतात, कोथिंबिरीवर, धुतलेल्या भांड्यांवर. जंतू मरतात ते शिजल्यावर. तरी धुवायचंच असेल तर खोलगट पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, नळाची धार सोडू नका, आधी सिंकमधलं आणि बाजूचं सगळं उचला, आणि झाल्यावर सिंक, नळाची चावी आणि हात साबणाने. कच्च्या मांसाची सुरी आणि बोर्ड वेगळा असेल तर फारच छान, नसेल तर आधी कांदा-कोथिंबीर चिरून घ्या आणि चिकन सगळ्यात शेवटी. किचनमध्ये जंतुनाशक वापरावं अशी रोजच्या आयुष्यात एवढीच एक जागा आहे, मांस कापलेला बोर्ड आणि ओटा, तिथेही साबणाने नीट धुऊन उकळतं पाणी ओतलं तरी पुरतं.

भाज्या आणि फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढा. साबण, सॅनिटायझर, ब्लीच यातलं काहीही भाजीला लावू नका, ते पोटात जातं.

आता असं एक सांगते ज्यावर कुठलंच जंतुनाशक चालत नाही, शिळा भात. भातात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सेरेअस, ते शिजवल्यावरही मरत नाहीत, आणि भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात जे परत गरम करूनही जात नाही. सकाळचा फोडणीचा भात खाऊन दुपारी उलट्या, हे मी कितीतरी वेळा बघितलंय. भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, उन्हाळ्यात त्याच्याही आधी, पसरट डब्यात म्हणजे लवकर गार होतो. मग फोडणीचा भात खुशाल खा.

पिण्याचं पाणी. फिल्टर महागाचा घेतात आणि मग त्या पाण्याच्या माठात पेला बुडवतात, बोटांसकट. ओगराळं घ्या लांब दांड्याचं किंवा तोटीचा माठ घ्या, माठ आठवड्याने घासून धुवा, झाकण ठेवा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर गाळून, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट खळखळू द्या. पाणी निर्जंतुक करायचे मेडिक्लोरचे थेंब वापरत असाल तर बाटलीवर लिहिलंय तेवढेच आणि अर्धा तास थांबून. सोसायटीची टाकी सहा महिन्यांतून एकदा धुतली जाते की नाही हे मीटिंगमध्ये विचारा, लाजू नका.

पायरी ४: संडास-बाथरूम

यात फार काही नाही. भांडं आठवड्यातून दोनदा टॉयलेट क्लीनरने, माणसं जास्त असतील तर जास्त वेळा. भांड्याच्या आतला भाग कितीही चमकवला तरी तिथे आपण हात लावत नाही. हात लागतो तो मगचा दांडा, जेट, नळ, फ्लशचं बटण आणि दाराची कडी इथे, आणि या जागा कोणीच धुवत नाही. आंघोळीच्या वेळी साबणाचाच हात फिरवा त्यांच्यावरून, एक मिनिटाचं काम आहे. टूथब्रश भांड्याजवळ ठेवू नका, फ्लश करताना झाकण असेल तर लावा.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजून वाचा: टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, लादीचे डाग काढायला जे ॲसिड मिळतं ते पण तेच, आणि त्यात ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या सासूबाईंनी जास्त स्वच्छ व्हावं म्हणून दोन्ही एकामागोमाग ओतलं आणि दार लावून घासायला बसल्या, मी ड्युटीवर होते. नवऱ्याने खोकल्याचा आवाज ऐकून दार उघडलं म्हणून वाचल्या, तीन दिवस ऑक्सिजनवर होत्या त्या, तेही त्या दिवसांत जेव्हा बेड मिळत नव्हते. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. एका वेळी एकच बाटली, खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू, दार उघडं.

पायरी ५: फरशी, आणि रांगणारं बाळ

फरशी झाडा आणि पाण्याने पुसा, हवं तर पाण्यात थोडा भांड्याचा साबण टाका. बास. आपल्याकडे फिनाईलचा वास आला की घर स्वच्छ झालं असं मनात बसलंय, पण पुसल्यावर अर्ध्या तासाने कोणीतरी चालत गेलं की फरशी परत आधीसारखीच. बाहेरच्या चपला दाराबाहेर काढायची आपली जुनी पद्धत फिनाईलपेक्षा जास्त कामाची आहे. पोछ्याचं पाणी गढूळ झालं की बदला, नाहीतर एका खोलीतला मळ चार खोल्यांत पसरतो. घरात मांजर असेल तर काळं फिनाईल आणि फिनॉल असलेलं काहीही आणूच नका, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, पाय चाटले की विषबाधा होते.

बाळाच्या बाबतीत मला खूप प्रश्न येतात. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश डॉक्टरने मांडलं होतं की ज्या घरात भावंडं जास्त त्या मुलांना ॲलर्जीचा त्रास कमी दिसतो, बहुतेक लहानपणी एकमेकांकडून जंतू घेतल्यामुळे. त्यावरून लोक म्हणायला लागले की घाण चांगली, हात धुवायची गरज नाही. तसं नाहीये ते. पुढच्या संशोधनात कल असा दिसतो की मातीतले, जनावरांजवळचे, दुसऱ्या मुलांकडचे निरुपद्रवी जंतू शरीराला ओळखीचे व्हावे लागतात, त्याचा अर्थ बाळाला जुलाब व्हावेत असा होत नाही. तर बाळाला मातीत खेळू द्या, आजीच्या गोठ्यात जाऊ द्या, कुत्र्याशी खेळू द्या, आणि जेवायच्या आधी हात धुवा. रांगणाऱ्या बाळाच्या फरशीला साबणपाणी आणि नंतर एक साध्या पाण्याचा हात, खेळणी साबणाने धुऊन उन्हात. दुधाची बाटली मात्र उकळायची, तिथे मी ढील देत नाही, आणि शक्य असेल तर वाटी-चमचाच वापरा, धुवायला सोपा.

फवारायच्या स्प्रेबद्दल मुद्दाम सांगते. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा हजारांवर माणसांची वीस वर्षांची माहिती मांडली, त्यात नेहमी साफसफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद बाकीच्या बायकांपेक्षा वेगाने कमी झालेली दिसली. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई रोज पाच घरांतलं फिनाईल आणि ॲसिड हुंगतात. त्यांना हातमोजे आणून द्या, ॲसिड बंद करा, पुसताना खिडक्या उघडा. स्प्रेऐवजी लिक्विड फडक्यावर घेऊन पुसलं तर छातीत कमी जातं.

पायरी ६: हवा आणि डास

सर्दी, फ्लू, गोवर, कोरोना, टीबी हे सगळे मुख्यतः हवेतून. यासाठी उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणं, आजारी माणसाला हवेशीर खोली, मास्क, आणि लसी वेळेवर. ओटा पुसून गोवर थांबत नाही.

इथे मला एक बोलायचंच आहे. टीबीच्या पेशंटचं ताट-वाटी-पेला वेगळा ठेवतात, त्यांची चादर कोणी हातात घेत नाही. टीबी भांड्यातून पसरत नाही, कपड्यांतून पसरत नाही, तो खोकल्यातून हवेत जातो, आणि औषधं नीट चालू झाली की संसर्गाचा धोका वेगाने उतरतो. त्यांना मास्क द्या, खिडकी उघडा, ऊन येऊ द्या, गोळ्या चुकल्या नाहीत हे बघा आणि पंगतीत सोबत बसवा. मी वॉर्डमध्ये आजारापेक्षा त्या वेगळ्या ताटाने खचलेली माणसं बघितलीत. कामाच्या ताईंचा कप वेगळा ठेवण्यालाही आजाराच्या दृष्टीने काही आधार नाही, साबणाने धुतलेला कप सगळ्यांना सारखाच.

डास: डेंग्यूचा डास घाण गटारात होत नाही, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो. म्हणजे घर फिनाईलने चकाचक आणि मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या, हे सर्रास असतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, महापालिकेच्या बायका दारावर येऊन सांगतात ते अगदी बरोबर आहे. पिंप, बादल्या, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, सगळं रिकामं करा आणि आतल्या कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन उपयोग नाही.

पायरी ७: ज्या दिवशी जंतुनाशक खरंच लागतं

घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले, कावीळ झाली, किंवा कुठे रक्त सांडलं, तो हा दिवस. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, म्हणून एकाला झालं की दोन दिवसांत घरातले सगळे आडवे.

कपड्यांचं साधं ब्लीच घ्या, वास-रंग नसलेलं, ज्याच्या लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के ते लिहिलंय. ५ टक्क्यांचं असेल तर एक लिटर थंड पाण्यात २० मिली टाका, ४ टक्क्यांचं असेल तर २५ मिली, हे झालं नळ, कडी, फ्लश, फरशी यासाठीचं, साधारण ०.१ टक्का. प्रत्यक्ष उलटी, जुलाब किंवा रक्त सांडलेल्या जागेसाठी पाचपट कडक लागतं, ५ टक्क्यांचं १०० मिली आणि ९०० मिली पाणी. गरम पाणी नको. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण चालतं, पण मग ते परत औषधाला वापरायचं नाही. सकाळी केलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्या, ताकद उतरते.

आता क्रम. खिडकी उघडा, मुलांना बाहेर काढा, हातमोजे आणि मास्क घाला, जुने कपडे घाला कारण ब्लीचचे डाग जात नाहीत. उलटीवर वर्तमानपत्र टाकून अलगद गोळा करा आणि पिशवीत बांधा, केरसुणी किंवा व्हॅक्युम अजिबात नको, त्याने उडतं. मग साबणाच्या पाण्याने जागा धुवा. मग ब्लीचचं पाणी ओता आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या, घड्याळ लावा. मग साध्या पाण्याने पुसा, स्टीलवर तर नक्कीच, नाहीतर गंजतं. शेवटी हात साबणाने, सॅनिटायझरने नाही. माखलेले कपडे झटकू नका, वेगळे धुवा, मशीनला ६० अंशांची सोय असेल तर त्यावर, आणि कडक उन्हात वाळवा.

संडास, नळ, कडी यांना दिवसातून दोनदा हे करा, जुलाब थांबल्यावर अजून दोन दिवस. आजारी माणसाने तेवढे दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आपल्याकडे घरची बाई आजारी असली तरी तीच पोळ्या लाटते, कृपा करून तिला झोपू द्या, हा संसर्ग थांबवायचा उपायच आहे. आणि ब्लीचपेक्षा आधी जलसंजीवनी, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चहाचा चमचा मीठ.

डोळे आले असतील तर टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा आणि रोज धुतलेला, खरजेला सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायचं आणि कपडे-चादरी गरम पाण्यात, यात फरशीला ब्लीच लावून काही मिळत नाही.

घरात केमो चालू असलेलं किंवा अवयव बदललेलं कोणी, नाहीतर कमी दिवसांचं बाळ असेल तर नियम कडक होतात, पण कसे ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, कारण तिथेही बहुतेक वेळा भर असतो तो हात, शिळं अन्न आणि आजारी पाहुणे यांच्यावर.

पायरी ८: यादी आणि ठेवायची जागा

भाचीची यादी शेवटी अशी झाली: हात धुवायच्या साबणाच्या सहा वड्या, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, एक टॉयलेट क्लीनर, एक छोटी ब्लीचची बाटली जी फक्त आजारपणासाठी, रबरी हातमोज्यांचे दोन जोड, वेगवेगळ्या रंगांची फडकी आणि जलसंजीवनीची चार पाकिटं. पर्ससाठी लहान सॅनिटायझर. बाकी सगळं खोडलं.

ब्लीचच्या बाटलीवर आणल्याची तारीख मार्करने लिहा, पडून राहिलं की त्याची ताकद कमी होते, सहा महिन्यांनी नवीन घ्या. उन्हात ठेवू नका आणि सिंकखाली पण नको, उंचावर बंद कपाटात, टॉयलेट क्लीनरपासून लांब. दारावर येणाऱ्याकडून सुटं फिनाईल किंवा ॲसिड घेऊन ते कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणं आजच बंद करा, तहानलेलं पोर ती बाटली तोंडाला लावतं. असं कधी झालंच तर उलटी करायला लावू नका, आत जाताना एकदा घसा जळालेला असतो तो बाहेर येताना परत जळतो. तोंड पाण्याने खळखळून धुवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा, आणि ती बाटली सोबत घ्या.